शून्य किमतीचे पान

९ फेब्रुवारी, सोमवार

ही गेल्याला आज त्रेपन्न दिवस झाले. नोकरीत असताना रोजच्या तपासणीची डायरी लिहावी लागे. निवृत्तीनंतर ती सवय सुटली. आज पुन्हा सुरू करतो आहे, कारण एक काम अंगावर आले आहे आणि कामाची नोंद असलेली बरी.

सकाळी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. दारातूनच ओरडला, "भावजी, ताईच्या साइटला स्थळ सांगून आलंय! मुलगा श्रीमंत आहे, हुंडा तोच देतोय."

हिने अकरा वर्षे एक वेबसाइट चालवली. बिघडलेली शिलाई मशीन घरच्या घरी कशी दुरुस्त करावी, एवढाच विषय. लिहायची ही, तांत्रिक बाजू मेहुण्याची. मालकी निम्मी-निम्मी. हिचा वाटा आता माझ्याकडे आला आहे. मशीन विकणारी एक कंपनी साइटचे सहा लाख द्यायला तयार आहे. उत्तर १५ मार्चपर्यंत हवे. मेहुण्याचा कारखाना गेल्या वर्षी बंद पडला, त्याला स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकायचे आहे.

मी म्हणालो, विकू नये. त्याने कारण विचारले. ते सांगता येईना, म्हणून म्हणालो, "किंमत कमी वाटते."

"मग तुम्हीच काढा किंमत. सहाच्या वर निघाली तर नाही विकायची, खाली निघाली तर विकायची. तुमचा आकडा मी डोळे मिटून मानीन. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेत, कुणाला दांडी मारू दिली नाहीत."

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. अट मान्य केली.

११ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याने पद्धत समजावली. म्हणाला, "शिवताना मशीन अडली की बाई काय करते? सर्चमध्ये लिहिते, 'मशीनचा दोरा तुटतो'. मग यादी येते. पहिल्या नंबरवर जो असेल त्याच्याकडे गर्दी. दहाव्याला कुत्रं विचारत नाही. आता ती वरची जागा कंपनीला हवी असेल तर जाहिरात द्यावी लागते आणि प्रत्येक टिचकीला पैसे मोजावे लागतात. ताई तिथे फुकट बसलीये. किंमत त्या बसण्याची."

म्हणजे हिने लिहिलेल्या मजकुराची किंमत काढायची नाही. यादीत ते पान कितव्या जागी दिसते, त्या जागेची काढायची.

रीत सरळ आहे. तो शोध महिन्यात किती लोक घेतात ते पाहायचे. आपली जागा कितवी ते पाहायचे. पहिल्या जागेला शंभरातले तीस लोक जातात, पाचव्या जागेला सहा, दहावीला दोन. जितके लोक येतील त्यांना जाहिरातीच्या दराने गुणायचे. ही झाली महिन्याची किंमत. चोवीस महिन्यांची धरायची, असा बाजाराचा रिवाज आहे म्हणे. शोधांची संख्या आणि दर यांचे तक्ते मेहुण्याने छापून दिले. जागा मी स्वतः पाहायची.

हिच्या कॉम्प्युटरवर काम करणार आहे. माझा नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली ओळ पूर्ण. "मशीनचा दोरा तुटतो" : महिन्याला २,४०० शोध. आपली जागा पहिली. येणारे लोक ७२०. दर सहा. महिन्याची किंमत ४,३२०.

जागा पाहिल्यावर पान उघडून वाचले. मोजण्यासाठी वाचायची गरज नाही, पण वस्तू न पाहता शिक्का मारणे बरोबर नाही.

हिने एके ठिकाणी लिहिले आहे: "काही माणसं प्रत्येक स्क्रू शेवटपर्यंत पिळतात. त्यांना वाटतं, घट्ट म्हणजेच बरोबर. अशा माणसाच्या हाती ताणाचा स्क्रू देऊ नका. दोरा तुटला की तो दोऱ्यालाच दोष देतो. भांडू नका त्याच्याशी. तो चहा प्यायला गेला की अर्धा फेरा सैल करून ठेवा. त्याला कळत नाही."

कोणाबद्दल आहे ते कळले नाही. बहुधा मेहुण्याबद्दल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एकोणीस ओळी झाल्या. त्यांतल्या सतरांत आपण पहिले, दोनांत दुसरे. इतके चांगले असेल असे वाटले नव्हते. तीस वर्षांच्या नोकरीत एकही दुकान सगळ्या मापांत बरोबर निघाले नाही.

हिच्याबद्दल मला हे माहीत असायला हवे होते. ही त्या खोलीत टाइप करत बसे आणि मी या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसे. अकरा वर्षांत साइटवरचे एकही पान मी वाचले नव्हते. एकदा हिने विचारले होते, "वाचणार का?" मी म्हणालो होतो, मला शिवणातले काय कळते. ते खरेच होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तक्ता पूर्ण झाला. सदतीस शोध. महिन्याला ४६,००० म्हणजे चोवीस महिन्यांचे अकरा लाख चार हजार.

शेवटी एक अडतिसावी ओळ होती. "हात थरथरतात, सुईत दोरा कसा ओवायचा". महिन्याला १४० शोध, जागा पहिली, येणारे ४२. जाहिरातीचा दर शून्य. असा शोध घेणाऱ्याला काही विकता येत नाही, म्हणून कोणी जाहिरात देत नाही, असे मेहुणा म्हणाला. बेचाळीस गुणिले शून्य. तक्त्यात ओळ ठेवली, किंमत शून्य लिहिली.

फोनवर मेहुण्याला आकडा सांगितला.

"अकरा? भावजी, नक्की ना?"

"दोनदा तपासलं."

"मग काय, लग्न मोडलं. कळवतो त्यांना आठवडाभरात." नंतर हसला. "ताई भारीच होती की. मला उगाच वाटायचं, मीच साइट चालवतोय."

दुपारी जेवण बऱ्यापैकी गेले. भांडी लगेच घासली. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात म्हणाल्या, आज शीळ ऐकू आली. मला घातल्याचे आठवत नाही.

२ मार्च, सोमवार

साइटवर किती लोक आले याचा हिशेब दर महिन्याला हिच्या ईमेलवर आपोआप येतो. फेब्रुवारीचा आला. सवयीने तक्त्याशी ताडून पाहिला.

दोरा तुटण्याच्या पानावर माझ्या हिशेबाने ७२० लोक यायला हवेत. आले १६९. टाका सुटण्याच्या पानावर ४०० च्या जागी ९०. बॉबिनच्या पानावर तसेच. फक्त सुई ओवण्याच्या पानाचे जुळते आहे. बेचाळीस हवेत, एक्केचाळीस आहेत.

एकच वस्तू दोन तराजूंवर वेगळी भरली तर दोनांपैकी एक तराजू खोटा असतो.

हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. दोरा तुटण्याचे पान एकाच कॉम्प्युटरवरून सत्तावीस वेळा उघडले गेले आहे. तो कॉम्प्युटर हाच. अठ्ठावीस दिवसांत सत्तावीस. एका दिवशी वीज नव्हती. मोजणीचे काम मी ११ तारखेनंतर सुरू केले, पण पहिली भेट १ तारखेची आहे. तेव्हा कशासाठी उघडले होते ते आठवत नाही.

३ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची आहे. माझे निवृत्तीचे सगळे कागद तिनेच काढून दिले होते. तिच्या कॉम्प्युटरवर "मशीनचा दोरा तुटतो" टाकायला सांगितले.

आपले पान पाचवे आले.

तिला म्हणालो, तुमचा कॉम्प्युटर बिघडला आहे. माझ्याकडे पहिले येते.

ती चष्म्यावरून बघत राहिली. "काका, तुम्ही तेच पान रोज उघडता का?"

"अधूनमधून."

"आणि कॉम्प्युटर काकूंचा? त्यांच्याच नावानं चालू?"

"हो."

"मग झालं तर! तो काकूंना ओळखतो. त्यांना काय आवडतं ते त्याला पाठ आहे, म्हणून तेच वर आणून ठेवतो. आपला तो बाब्या! परक्याच्या मशीनवर बघायचं असतं हो. सासूला विचारून सुनेचं वजन करतात का?"

अडतीस शोध तिच्याकडे पुन्हा पाहिले. दोन तास लागले. मध्ये गिऱ्हाईक आले की उठावे लागे. पाचवी, चौथी, सातवी, अकरावी. एकच ओळ पहिली राहिली. सुई ओवण्याची.

किती द्यायचे म्हणून विचारले तर म्हणाली, "काकूंनी माझी मशीन दोनदा नीट केली होती. ठेवा."

५ मार्च, गुरुवार

नवा तक्ता. दोरा तुटण्याची ओळ : पाचवी जागा, १४४ लोक, ८६४. सत्तावीस माझे मिळवले तर १७१. हिशेबात १६९ आहेत. आता तराजू जुळतो.

एकूण महिन्याला १६,०००. चोवीस महिन्यांचे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार.

सहापेक्षा कमी.

दुकानदाराला आपली दांडी दिसत नाही, कारण तो रोज एकाच बाजूने पाहतो, असे मी नव्या निरीक्षकांना शिकवत असे. तराजूवर माझाच अंगठा होता.

७ मार्च, शनिवार

मेहुण्याला फोन केला नाही. त्याने कंपनीला नकार कळवला असेल किंवा आज-उद्या कळवेल. नकार गेला की प्रश्न मिटेल.

दूध आणायला जाताना झेरॉक्सवाल्या बाईंनी हाक मारली. "काय झालं हो काका?" आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग कशाला तोंड उघडताय? झाकली मूठ सव्वा लाखाची. मेव्हण्याला काय, कुणालाच कळणार नाही."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. कोणाला कळणार नाही.

८ मार्च, रविवार

काही विशेष नाही. दोरा तुटण्याचे पान उघडले. वाचून बंद केले.

१० मार्च, मंगळवार

शर्टाचे बटण तुटले. हिच्या डब्यात सुई सापडली, पण दोरा ओवता आला नाही. माझा हात आता स्थिर नाही, हे आज कळले. सुई ओवण्याचे पान उघडले.

"हात थरथरतात ना? थरथरू देत. त्यांना थांबवायला गेलात तर जास्त थरथरतील. कोपरं टेबलावर टेका. मागे पांढरा कागद धरा. दोरा चिमटीत इतका लपवा की नुसता ठिपका दिसेल. आता दोरा सुईकडे न्यायचा नाही, सुईचं नेढं त्या ठिपक्यावर टेकवायचं. दोनदा चुकेल. चुकू दे. घाई कुणाला आहे?"

चौथ्या वेळी ओवला गेला. बटण लागले, थोडे वाकडे.

पानाखाली तारीख आहे. दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा हिचा हात थरथरत असल्याचे मला ठाऊक नव्हते. माझ्या शर्टांना तेव्हाही सगळी बटणे होती.

११ मार्च, बुधवार

मेहुण्याच्या घरी गेलो. त्याने अजून नकार कळवला नव्हता. "लिहायला बसतो आणि उठतो," म्हणाला. दोन्ही तक्ते त्याच्यासमोर ठेवले आणि चूक सांगितली.

त्याने बराच वेळ आकडे पाहिले. "तुम्ही नसतं सांगितलं तर मला कळलंच नसतं."

"मला कळलं होतं."

तो उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. "भावजी, जाऊ दे. नाही विकत. दुकानाचं मी बघतो काहीतरी."

"आपलं ठरलं होतं. सहाच्या खाली आला तर विकायची."

"अहो, ठरलं होतं म्हणजे काय कोर्टात लिहून दिलंय? मीच म्हणतोय ना, राहू दे?"

"आकडा तीन लाख चौऱ्याऐंशी आहे."

"केवढं पिळता हो!" तो म्हणाला. रागावला नव्हता. डोळे पुसत होता.

विषय बदलावा म्हणून त्याला दोरा तुटण्याच्या पानावरचा तो मजकूर दाखवला आणि विचारले, हा स्क्रू पिळणारा माणूस कोण? तुझ्याबद्दल लिहिले आहे का?

त्याने वाचले. माझ्याकडे पाहिले. पुन्हा वाचले.

"माहीत नाही, भावजी," म्हणाला. "असेल कुणीतरी. ताईला तो आवडत असावा."

१३ मार्च, शुक्रवार

कंपनीच्या कचेरीत गेलो. काचेची खोली, लांब टेबल, चहा कागदी पेल्यात. त्यांचा माणूस टाय लावलेला, बोलायला नम्र. सहा लाख कायम असल्याचे म्हणाला.

मेहुण्याने विचारले, "पानांचं काय करणार?"

"पानं आम्हाला नकोत, सर. जागा हवी. पत्ता तोच राहील, मजकूर बदलेल. समजा, दोरा तुटतो म्हणून कोणी आलं, तर तिथे आमची नवी मशीन दिसेल."

"म्हणजे दोरा तुटला की मशीनच बदलायची?"

"ऑफर चांगली असते सर."

"मग बटण तुटलं की नवरा बदलायचा का?" मेहुणा म्हणाला. टायवाला हसला. मेहुणा हसला नाही.

मी त्यांच्याकडचा तक्ता मागितला. त्यांनीही आपल्यासारखाच केला होता. एकूण आकडा माझ्या दुसऱ्या आकड्याच्या जवळ होता. मग सहा लाख का, असे विचारले. तो म्हणाला, जाहिरातींवर त्याहून जास्त जातात, त्यांना परवडते. त्यांच्या तक्त्यातही शेवटी सुई ओवण्याची ओळ होती. किंमत शून्य.

मी म्हणालो, "ही वस्तू तुमच्या लेखीही शून्य किमतीची आहे. ती करारातून वगळली तर किमतीत फरक पडणार नाही."

त्याने ओळ पाहिली, कोणालातरी फोन केला. "मजकूर न्या सर, आमची हरकत नाही. पत्ता मात्र आमचा. पान दुसरीकडे ठेवलंत तर जागा टिकणार नाही, पुन्हा शून्यापासून सुरुवात होईल."

"चालेल," मी म्हणालो.

मेहुण्याने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. कशासाठी ते कळले नाही.

२३ मार्च, सोमवार

सह्या झाल्या. त्याआधी झेरॉक्सच्या दुकानात सगळी पाने छापून घेतली. एकशे बारा. बाईंनी पाठपोट छापू का विचारले. एकेरीच छापा म्हणालो.

२८ मार्च, शनिवार

मेहुण्याने सुईच्या पानासाठी नवा पत्ता घेतला. एकाच पानाची साइट. खाली कोणाला काही विचारायचे असेल तर लिहायची सोय ठेवली आहे. त्याचे दुकानही ठरले. पाटीवर काय लिहू विचारत होता. मी म्हणालो, नाव आणि वेळ. तो म्हणाला, "तुम्हाला विचारून चूकच केली."

नवे पान मी उघडणार नाही. हिच्या कॉम्प्युटरवरून तर नाहीच. मोजणीत पुन्हा माझा अंगठा नको. छापील पान मशीनच्या वरच्या भिंतीवर चिकटवले आहे. तिथे वाचता येते.

६ एप्रिल, सोमवार

झेरॉक्सवाल्या बाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर शोधले. दहा पानांच्या यादीत आपण कुठेच नाही. त्यांना उघडून पाहायचे होते. नको म्हणालो. "काय बाई तुमचा कारभार," म्हणाल्या.

२० एप्रिल, सोमवार

आठव्या पानावर, सर्वांत खाली. उघडणारे : शून्य.

१ मे, शुक्रवार

एप्रिलचा हिशेब ईमेलवर आला. उघडणारे : एक.

मेहुण्याला फोन केला. "तू उघडलंस?"

"आईशप्पथ नाही, भावजी. तुमच्या भीतीनं बोटसुद्धा लावलं नाही."

खाली जाऊन झेरॉक्सवाल्या बाईंना विचारले. त्यांनी कानाला हात लावले. मी उघडले नव्हते.

म्हणजे एक आहे, आणि खरा आहे.

त्या व्यक्तीने खाली प्रश्नही लिहिला आहे. असे प्रश्न मेहुण्याच्या ईमेलवर जातात; त्याने तो फोनवर वाचून दाखवला. "ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं, दोरा ओवला गेला. पण गाठ मारताना सुटतो. त्याला काय करू?"

हिने याबद्दल कुठे लिहिले आहे का, म्हणून एकशे बारा पाने पाहिली. नाही.

उत्तर मला माहीत नाही. मेहुण्याला म्हणालो, त्यांना लिही, थोडे थांबा. जेवण झाल्यावर हिच्या स्टुलावर बसलो, कोपरे टेकली, मागे पांढरा कागद ठेवला. तिसऱ्या वेळी ओवला गेला. गाठ अजून जमत नाही. घट्ट ओढली की दोरा निसटतो. उद्या सैल धरून पाहीन.